मिनी लेथ चालू करताच फुल स्पीड: बोर्ड बदलण्याआधी मोटर बघा

स्विच दाबताच मिनी लेथ सुसाट सुटतो, नॉब फिरवून काहीच फरक पडत नाही, म्हणून पॉट (नॉबमागचा स्पीड ठरवणारा बदलता रेझिस्टर) बदलायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. पॉटही जातो, पण या लक्षणाला माझा पहिला संशय मॉसफेटवर, म्हणजे बोर्डावरच्या, मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर. तो शॉर्ट झाला की मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं.

आधी प्लग काढा. 230 व्होल्ट रेक्टिफाय झाले की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. बल्ब लावून डिस्चार्ज करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. मोटरच्या वायरी सोडवून मीटरच्या डायोड मोडमध्ये ड्रेन-सोर्स (मॉसफेटचे करंट वाहणारे दोन पाय) मोजा. दोन्ही बाजूंनी शून्य आलं तर मॉसफेट गेला. शेजारचा गेट रेझिस्टर (मॉसफेटच्या तिसऱ्या, कंट्रोलच्या पायावरचा) आणि त्याला सिग्नल देणारा ड्रायव्हरही तपासा, बहुतेक वेळा तेही सोबत जातात.

आता कळकळीने सांगतो, नवीन मॉसफेट लगेच लावू नका. मोटरचे कार्बन ब्रश बाहेर काढा. माझ्या लेथचा एक ब्रश झिजून तिरका झाला होता, आत काळ्या भुकटीचा थर होता आणि मोटरच्या वायरीपासून बॉडीपर्यंत लीकेज येत होतं. ते न बघितल्यामुळे माझा दुसरा मॉसफेट दहा मिनिटांत उडाला.

बसवताना मॉसफेट आणि हीटसिंकमधला वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा विसरू नका, मॉसफेटची पाठ ड्रेनलाच जोडलेली असते. पहिल्यांदा सप्लाय देताना 100 वॉटचा बल्ब सीरिजमध्ये ठेवा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भकाभक पेटत राहिला तर शॉर्ट अजून आहे.