मदत हवी आहे : आई अंघोळीला तयारच होत नाही

मंडळी, लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. घरातली गोष्ट चारचौघांत मांडलेली आईला आवडली नसती. पण आता मला काही सुचेनासं झालंय.

आई ८१ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. आम्ही मिरजेत राहतो. आई घरात हिंडते-फिरते, स्वतःच्या हाताने जेवते. पण गेले दोन महिने अंघोळ म्हटलं की "झाली की माझी सकाळीच" म्हणते. आग्रह केला तर ओरडते, एकदा माझ्या मनगटाला चावली. आज अकरावा दिवस आहे.

पारोशाने देवघरात पाऊल टाकलं म्हणून आम्हा भावंडांना धपाटे घालणारी ही बाई. स्वतः कधी अंघोळीवाचून चहाचं आधण ठेवलं नाही तिने. तिच्या लुगड्याला आता वास येतो, हे लिहवत नाही.

बायको सकाळी सातला नोकरीवर जाते, त्यामुळे हे काम माझ्याकडेच आहे. मुलाने आईला अंघोळ घालायची म्हणजे तिलाही अवघड, मलाही. म्हणून एका ब्युरोतून मावशी लावल्या होत्या. चौथ्या दिवशी घाईघाईत त्या तिचा कासोटा सोडायला गेल्या आणि एकदम डोक्यावर शॉवर सोडला. मावशींना बंद केलं, पण भीती बसली ती बसलीच.

दोन वर्षांपूर्वी तिच्याच सोयीसाठी जुनी मोरी काढून नवं बाथरूम केलं. शॉवर, धरायला दांड्या, बेसिनवर मोठा आरसा, पाय घसरू नये म्हणून काळी रबरी मॅट. आता दाराशी येऊन थबकते. "आत बाई आहे, तिचं होऊ दे," म्हणून परत फिरते.

रोज अंघोळ नाही झाली तर किती दिवस चालेल? मधल्या दिवशी स्वच्छता कशी ठेवायची? स्तनांखाली लाल झालंय असं बायको म्हणते. आणि मुलाच्या हातून हे सगळं होताना तिची लाज कशी राखायची?

प्रतिसाद १

दादा, "आत बाई आहे" हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला वाटतं गोम तिथेच आहे. ती बाई आरशात आहे हो! माझ्या सासूबाईंना सहा वर्षं सांभाळलं, त्याही स्वतःला आरशात ओळखेनाशा झाल्या होत्या. परक्या बाईसमोर कोण लुगडं सोडेल? आजच आरशावर कागद चिकटवा. काळी मॅटही उचला, त्यांना तो खड्डा वाटू शकतो. फरशीच्याच रंगाची आणा. आणि शॉवर विसरा. बादली आणि तांब्या, त्यांच्या हाताला ओळखीचा.

लाजेचं म्हणाल तर आपल्या आज्या नदीवर, विहिरीवर न्हायच्या त्या परकर छातीशी बांधूनच. तेच करा. परकरावरून पाणी ओतायचं, खांद्यावर पंचा. साबण लावलेलं फडकं त्यांच्या हातात द्या, परकराच्या आत त्यांचा हात जाईल. तुम्ही पाठ आणि पाय बघा. ओला परकर काढायच्या आधी वरून कोरडा टॉवेल गुंडाळा.

आणि "अंघोळ करतेस का?" असं विचारूच नका, "नाही" हेच येणार. "देवाची फुलं काढून ठेवलीत, चल" म्हणा.

प्रतिसाद २

मी निवृत्त परिचारिका आहे. या वयात रोज पूर्ण अंघोळ हवीच असं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. पण तोंड, हात, काखा, जांघा आणि शी-शूची जागा रोज कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायची. बायकांची जागा नेहमी पुढून मागे पुसा, उलट कधीच नाही. तोंडाचं फडकं वेगळं ठेवा.

स्तनांखाली घाम साचून बहुधा बुरशी झाली असेल. डॉक्टरांना दाखवून मलम घ्या. पावडर थापू नका, ती ओल धरून बसते. न चोळता टिपून कोरडं करा, पायाच्या बोटांच्या बेचक्याही.

दोन महिन्यांत एवढा फरक पडला असेल तर लघवी तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या जंतुसंसर्गाने चिडचिड आणि गोंधळ वाढतो, ताप येतोच असं नाही. हात वर करताना खांदा दुखतो का तेही बघा. सांगता येत नाही म्हणून ती ओरडत असेल.

पाण्यात आधी आपलं कोपर घालून पाहा. बसायला पाट नको, हातांची भक्कम खुर्ची हवी. थंडी वाजते म्हणून बाथरूमची खिडकी बंद करत असाल आणि आत गॅस गीझर असेल तर आजपासून थांबवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस कोसळतो.

प्रतिसाद ३

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथेही विचारून पाहा. आणि दादा, तुम्हीही जरा झोप काढा.

धागाकर्ता (नऊ दिवसांनंतर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आरशावर वर्तमानपत्र चिकटवलं, मॅट बदलली, माळ्यावरून जुनं पितळी घंगाळ काढून घासलं. गीझर बाहेर बाल्कनीत आहे.

पहिल्या दिवशी दारातून डोकावली, घंगाळाच्या काठावरून हात फिरवला आणि आत गेली. खुर्चीवर बसून पहिला तांब्या स्वतःच पायांवर घेतला. "कढत आहे, विसण घाल," म्हणाली. मी विसण घातलं. मग मला म्हणाली, "तिकडे तोंड कर रे." मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि तिने परकराच्या आतून सगळं अंग स्वतः धुतलं. किती महिन्यांनी!

मंगळवारी पुन्हा नकार होता, मग अंग पुसून घेतलं, ओढाताण केली नाही. लघवीचा रिपोर्ट साफ आला. मलमाने लाली उतरतेय.

आता राहिलंय डोकं. केस कमरेपर्यंत आहेत, तेल आणि घामाने जटा व्हायला लागल्यात. डोक्यावर पाणी म्हटलं की अजूनही दोन्ही हातांनी अंबाडा घट्ट धरते. सगळे म्हणतात कापून टाका, पण तिला न विचारता केस कापायला माझा हात धजत नाही. डोक्यावर पाणी न ओतता कुणी केस धुतलेत का? कसे?