मदत हवी आहे: गणितात सगळं बसतंय, तरी सर्वात वरच्या प्रायॉरिटीचा टास्क डेडलाइन चुकवतो

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये संत्र्यांच्या प्रतवारीचं यंत्र बनवतोय. मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघेल, त्याआधी ते काटोलकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटाला द्यायचंय. गाडी अडलीय ती कंट्रोलरच्या प्रोग्रामवर.

फ्रीआरटीओएसवर (छोट्या कंट्रोलरसाठीची, कामं वेळेत चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) ठरावीक अंतराने चालणारे तीन टास्क आहेत. पहिला दर १० मिलिसेकंदांनी पट्टा किती सरकला ते वाचतो आणि फळ आपल्या कप्प्यासमोर आलं की सोलेनॉइड (विजेवर चालणारा ढकलदांडा) उडवतो. त्याला जास्तीत जास्त ३ मिलिसेकंद लागतात. दुसरा दर २५ला रंग तपासतो, त्याला ८. तिसरा दर ४०ला वजन घेऊन तक्त्यात नोंदवतो, त्यालाही ८. प्रायॉरिटी रेट मोनोटोनिक पद्धतीने, म्हणजे ज्याची पाळी लवकर येते तो वर.

प्रोसेसरवरचा एकूण भार ३० + ३२ + २० = ८२ टक्के. लिऊ आणि लेलँड यांचं १९७३चं सूत्र तीन टास्कसाठी साधारण ७८ टक्क्यांपर्यंतच वेळ पाळली जाण्याची हमी देतं. पण त्यापलीकडे गेलं म्हणजे वेळ चुकणारच असं नसतं, म्हणून जोसेफ-पंड्या पद्धतीने प्रत्येकाचा रिस्पॉन्स टाइम (जागा झाल्यापासून संपेपर्यंतचा जास्तीत जास्त वेळ) काढला: ३, १४ आणि २५. तिघंही मुदतीत, म्हणजे आपली पुढची पाळी येण्याआधी.

तिसरा टास्क चुकला असता तर समजू शकलो असतो. इथे पहिलाच चुकतोय! पिन वर-खाली करून ऑसिलोस्कोपवर पाहिलं, तर एरवी ३मध्ये संपणारा टास्क मधूनच ११-१२ घेतो. पट्टा सेकंदाला १ मीटर धावतो, म्हणजे ९ मिलिसेकंदांच्या उशिरात फळ जवळजवळ १ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. दांडा मागच्या कडेला घासतो आणि अव्वल संत्रं दुय्यम कप्प्यात पडतं. शेतकऱ्याचा भाव त्यावर ठरणार, त्यामुळे हे तसंच सोडून देणं मला पटत नाही.

तक्ता पहिला आणि तिसरा दोघंही वापरतात. त्याला बायनरी सेमाफोर (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावलाय, तिसरा तो सुमारे १ मिलिसेकंदच धरतो. मग बाकीचा वेळ जातो कुठे? ईडीएफकडे (ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी चालवायची पद्धत) वळू का?

प्रतिसाद १

भाऊ, ईडीएफ राहू द्या, फ्रीआरटीओएसमध्ये तो तयार मिळतही नाही. हे प्रायॉरिटी इन्व्हर्जन (खालच्या टास्कमुळे वरचा अडकून पडणं) दिसतंय, आणि ते ईडीएफमध्येही होतं.

तुमचेच आकडे मांडून बघा. ४०ला पहिला आणि तिसरा एकदम जागे होतात. पहिला ४३ला आटोपतो, मग तिसरा चालतो आणि ५०च्या सुमारास शेवटच्या नोंदीपाशी, म्हणजे सेमाफोर हातात घेऊन असतो. नेमके ५०ला वरचे दोघं जागे होतात. पहिल्याला तक्ता हवा, म्हणून तो थांबतो. तिसऱ्याने सोडायचा, तर मध्ये दुसरा घुसून ८ खातो. दुसऱ्याचा तक्त्याशी काही संबंध नाही, तरी सगळे त्याच्यासाठी ताटकळतात. ३ + ८ + १ = १२. स्कोपवर तेच दिसतंय तुम्हाला. दर वेळी दिसत नाही, कारण टास्क दर वेळी पूर्ण वेळ घेत नाहीत.

१९९७मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. तिथे म्युटेक्सचं (हेही सेमाफोरसारखंच कुलूप) प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे अडलेल्याची प्रायॉरिटी कुलूप धरणाऱ्याला देणं, बंद होतं, ते पृथ्वीवरून चालू केल्यावर थांबलं.

फ्रीआरटीओएसच्या बायनरी सेमाफोरमध्ये इनहेरिटन्स नसतं, म्युटेक्समध्ये असतं. तिथे म्युटेक्स घाला. मग पहिला अडला की तिसऱ्याला तेवढ्यापुरती पहिल्याची प्रायॉरिटी मिळते आणि दुसरा मध्ये येऊ शकत नाही. गणितात वरच्या दोघांना ब्लॉकिंगचा (कुलूप सुटेपर्यंत थांबण्याचा) १ जोडा: पहिला ४, दुसरा १५. तिसरा २५च राहतो. फक्त म्युटेक्स इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या हाकेवर लगेच चालणाऱ्या कोडमधून) घेऊ नका, तो टास्कसाठीच आहे.

बदल करून त्याच पिनवर पुन्हा मोजा. पहिला ४च्या वर गेला तर तिसऱ्या टास्कचा कोड इथे टाका, बघू.