जुन्या स्पीकरचा डावा वूफर खरखरतो

सेकंडहँड फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे ठेवायचे उंच स्पीकर) घेतले. बास (खालचा, जाड आवाज) आला की डावा खरखरतो. जाळी काढली, तर वूफरच्या (बास वाजवणाऱ्या भागाच्या) कडेचा फोम बोट लावताच भुकटी होऊन चिकटला. अख्खा वूफर बदलू का?

— घाई नको! फोम १५-२० वर्षांत असाच कुजतो, नुसती कड बदलता येते. आधी कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) दोन्ही बाजूंनी सारखा, हलकेच दाबा. घासल्यासारखं वाटलं तर व्हॉइस कॉइलचा (पडद्यामागच्या तारेच्या गुंडाळीचा) घोळ.

— उजव्याचाही बदलाच. मी कंजूषपणा केला, महिन्याभरात दुसरा फाटला.

— दाबला, घासत नाही. हुश्श! दोन्ही बदलतो.

— जोडताना लाल-काळी वायर नीट बघा. एका स्पीकरची उलटी लागली की बास गुल. मी आठवडाभर अँप्लिफायरला शिव्या घालत होतो.