मदत हवी आहे: शीर्षकसंगीताची धून लक्षात राहत नाही

एका अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिकेसाठी मी ४० सेकंदांचे शीर्षकसंगीत रचत आहे. अभ्यासासाठी रामिन जवादी यांची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची (२०११) रचना समोर आहे. तिच्यात आरंभी प, सा, कोमल ग, म एवढेच स्वर सहाच्या लयीत फिरतात, मग कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो आणि त्यानंतर चेलो हे खर्जातले तंतुवाद्य मुख्य धून उचलते. इतक्या थोड्या स्वरांत केवढे नाट्य उभे राहते!

माझ्या रचनेत मुख्य धून सारंगीवर असून खाली व्हायोलिनांची तशीच आवर्तने, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारे स्वर, आहेत. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) कमी केली, लय उतरवली, तालवाद्ये मागे नेली. तरीही ऐकणाऱ्यांना आवर्तन आठवते, धून मात्र गुणगुणता येत नाही. पहिली ओळ पंचमावरून थेट तार सप्तकात चढते आणि कुठेच विसावत नाही, हेच कारण असावे असे मला वाटते. निर्मात्यांना गायन नको आहे, वाद्ये व वेळ ठरलेली आहे, चाल मात्र बदलता येईल.

अशा वेळी ओळ आखूड करून तीच पुन्हा घ्यावी आणि केवळ शेवटचा न्यासस्वर, म्हणजे ओळ जिथे विसावते तो स्वर, बदलावा, की आवर्तनच विरळ करून धुनीला जागा द्यावी?