शब्दचर्चा: ‘आह किन’ म्हणजे पुरोहित, पुजारी की जोशी?

बोरू
माया संस्कृतीवरच्या मराठी लेखनात ‘आह किन’ या शब्दाला सरसकट ‘पुरोहित’ म्हटलेलं दिसतं. दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने १५६६च्या सुमारास मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाबद्दल जे लिहून ठेवलं, त्यात आह किन, चिलान, नाकोम, चाक अशी निरनिराळी नावं येतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. मराठीत मात्र सगळेच ‘पुरोहित’ किंवा ‘धर्मगुरू’ होतात. यांना नेमके शब्द कोणते वापरावेत? आणि अशा विद्वान पुरोहितांच्या समूहाला काय म्हणावं: संघ, पंथ, संप्रदाय? मायांच्या धर्तीवर काल्पनिक राज्य रचून कथा लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो.

दिनमान
आधी शब्द फोडून बघू. ‘आह’ हा माया भाषांमधला पुढे लागणारा घटक आहे. ‘अमुक काम करणारा, अमुक गोष्टीचा माणूस’ असा त्याचा अर्थ. शेतकरी, वारकरी, गावकरी यांतल्या ‘-करी’चं जे काम, तेच त्याचं. ‘आह त्सिब’ म्हणजे लेखनिक, कारण ‘त्सिब’ म्हणजे लिहिणं किंवा रंगवणं.

‘किन’ म्हणजे सूर्यही आणि दिवसही. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ‘दिवस मावळला’, ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणताना आपणही दिवस हा शब्द सूर्यासाठीच वापरतो. त्यामुळे ‘सूर्याचा पुजारी’ हे भाषांतर अर्धवट आहे. सूर्यपूजा हे या माणसाचं मुख्य काम नव्हतं. दिवस मोजणं, कोणता दिवस कोणत्या देवाचा आणि कोणत्या कामाचा हे सांगणं, हे त्याचं काम. शब्दशः ‘दिवसकरी’.

पोथीनिष्ठ
म्हणूनच माझं मत ‘जोशी’ला. गावगाड्यात जोशी आणि गुरव वेगळे असतात. देवळातली पूजा गुरवाकडे. तिथी, मुहूर्त, वर्षफळ जोशाकडे. आह किन दुसऱ्या बाजूला येतो. ‘पुरोहित’ म्हटलं की यजमान आला, यजमानाच्या घरचं कार्य आलं, दक्षिणा आली. लांदाने दिलेलं चित्र वेगळं आहे.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे मायापान या माया नगराच्या प्रमुख पुरोहिताला ‘आह किन माय’ किंवा ‘आहाव कान माय’ म्हणत. सरदार मंडळी त्याला भेटी देत, इतर पुरोहितही त्याच्याकडे वाटा पोचवत. त्याच्यामागे मुलगा किंवा जवळचा नातलग गादीवर येई. तो इतर पुरोहितांच्या मुलांना शिकवी, आणि सरदारांच्या धाकट्या मुलांनाही, कल दिसला तर लहानपणापासून. विषय कोणते? वर्षं, महिने आणि दिवसांची गणना, सण आणि विधी, अशुभ दिवस व काळ, भविष्य सांगण्याच्या रीती, रोगांवरचे उपाय, जुना इतिहास, आणि ज्या अक्षरांत पोथ्या लिहिल्या जात ती अक्षरं वाचणं-लिहिणं. एखाद्या गावाला पुरोहित हवा असला की प्रमुख आधी उमेदवाराची परीक्षा घेई, मग त्याला कामाची जबाबदारी समजावून देई आणि सोबत पोथ्या देऊन पाठवी. बलिदानाच्या विधीत ही मोठी मंडळी क्वचितच पडत.

अभ्यासक्रम, परीक्षा, पोथी आणि नेमणूक असलेली ही व्यवस्था आहे. ‘पुजारी’ म्हटल्यावर यातलं काहीच डोळ्यांपुढे येत नाही.

‘उओ’ महिन्यातला ‘पोकाम’ हा त्यांचा विधी पाहिला की जोशी शब्द आणखी पटतो. पुरोहित गावच्या सरदाराच्या घरी जमत. पोथ्या काढून ताज्या पानांच्या डहाळ्यांवर पसरत. पहिला पुरोहित मानलेल्या किनिच आहाव इत्सम्ना या देवाचं आवाहन करत, धूप जाळत. रानातून, जिथे बाईचा पाय पडलेला नाही अशा जागेहून, आणलेल्या पाण्यात तांब्याचा हिरवा गंज कालवून पोथ्यांच्या फळ्यांना लावत. मग त्यांतला सगळ्यात जाणता पुरोहित पोथी उघडून येत्या वर्षाचं भाकीत वाचे आणि संकटांवरचे उपाय सांगे. गुढीपाडव्याचं पंचांगवाचन ज्याने ऐकलंय, त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही.

दिनमान
जोशी मान्य, पण त्याच्या पाठोपाठ ‘तिथी’ आणि ‘पंचांग’ हे शब्द आत शिरतात, तिथे थांबायला हवं. आपली तिथी चंद्र-सूर्यातल्या अंतरावर ठरते, म्हणून तिचा क्षय होतो, वृद्धी होते. मायांचा ‘किन’ कधीच गळत नाही की दुणावत नाही. त्या अर्थाने तो आपल्या ‘वारा’सारखा आहे, सोमवारनंतर मंगळवार येणारच.

२६० दिवसांच्या चक्रात दोन माळा एकाच वेळी फिरतात. एक १३ अंकांची, दुसरी २० नावांची. रोज अंकही पुढे जातो आणि नावही. १ इमिश, २ इक, ३ आकबाल असं करत १३ बेन येतो. त्यानंतर अंक संपले म्हणून पुन्हा १, पण नाव पुढचंच: १ इश. विसावा दिवस ७ आहाव, एकविसावा ८ इमिश. १ इमिश पुन्हा यायला १३ × २० = २६० दिवस लागतात.

लिहिणारे इथे हमखास चुकतात. महिना-तारखेच्या सवयीने ते ‘इमिश’ हा महिना धरतात आणि त्यात १ ते १३ तारखा मोजतात. मग १ इमिशनंतर २ इमिश येतो आणि सगळीच गणना कोसळते. २ इमिश हा दिवस आहे, पण तो १ इमिशनंतर ४० दिवसांनी येतो.

या चक्राला ‘पंचांग’ म्हणू नये. त्यात नक्षत्र, योग, करण नाहीत, चंद्रही नाही. ‘दिनगणना’ हा साधा शब्द पुरेसा आहे. ‘त्सोल्किन’ हे नावही विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी युकातेक (युकातानच्या माया भाषेतल्या) शब्दांवरून घडवलेलं आहे. प्राचीन पात्राच्या तोंडी ते घालू नये.

रानवाट
बाकीच्या नावांचं बघू.

चिलान: देवांची उत्तरं लोकांना सांगणारा. त्याचा मान इतका की लोक त्याला खांद्यावर वाहून नेत, असं लांदा म्हणतो. ‘भगत’ हा शब्द सुचतो, पण तो चुकेल. भगताच्या अंगात येतं, तो घुमतो, देव त्याच्या तोंडून बोलतो. ‘चिलाम बालाम’ या नावाच्या युकातेक माया ग्रंथांत चिलाम (म्हणजे हाच चिलान) घरात निश्चल पडून राहतो, वाणी वरून, छपराच्या आढ्याकडून येते आणि जमलेले पुरोहित ती ऐकतात. म्हणून ‘देववाणी सांगणारा’ असंच लिहावं.

नाकोम: इथे फार जपून, कारण लांदा हे नाव दोन वेगळ्या पदांना देतो. एक नाकोम आयुष्यभरासाठी, बळीची छाती उघडणारा; त्याला फारसा मान नव्हता. दुसरा तीन वर्षांसाठी निवडलेला युद्धनायक. त्याला मोठा मान. दोघांना एकच प्रतिशब्द दिला तर वाक्याचा अर्थच उलटतो.

चाक: प्रत्येक सणासाठी नव्याने निवडलेले चार वृद्ध, पुरोहिताच्या मदतीला. मुलांच्या शुद्धिविधीत ते अंगणाच्या चार कोपऱ्यांना बसत आणि दोरी धरून मधली जागा बंदिस्त करत. बलिदानात बळीचे हातपाय धरणारेही तेच. पावसाच्या देवाचं नावही चाक (चाआक), त्यामुळे माणसांसाठी ‘चार चाक’ किंवा ‘साहाय्यक’ असं स्पष्ट लिहावं.

आह मेन: ‘करणारा, जाणणारा’. वैदू म्हणावं की देवऋषी? दोन्ही कामं तो करत असे, पण मला ‘देवऋषी’ जवळचा वाटतो. युकातानमध्ये ह-मेन आजही आहेत आणि पावसासाठीचा ‘चा चाआक’ विधी तेच चालवतात.

बोरू
हे स्पष्ट झालं. पण समूहवाचक शब्दाचं काय? ‘संघ’ मला खटकतो, कारण नेमका बदल सुचत नसला तरी त्यात भिक्षूंचा विहार किंवा आजची संघटना डोकावते.

पोथीनिष्ठ
त्यासाठी ग्वाटेमालातलं शुलतुन हे प्राचीन माया शहर पाहावं. २०१० मध्ये तिथे एक छोटी खोली सापडली, नवव्या शतकाच्या सुरुवातीची. भिंतींवर राजा आणि त्याच्यासोबत काळ्या रंगात रंगवलेले तीन पुरुष. तिघांचा वेश एकच: पांढरी लंगोट, छातीवर पदक, डोक्यावर उंच शिरोभूषण आणि त्यात एकच लाल पीस. एकाच्या शेजारी लिहिलंय ‘साकुन ताह’. राजासमोरच्या आणखी एका माणसाच्या हातात लेखणी आहे, त्याला ‘इत्सिन ताह’ म्हटलंय. ताह म्हणजे ऑब्सिडियन, ज्वालामुखीची काळी काच. साकुन म्हणजे थोरला भाऊ, इत्सिन म्हणजे धाकटा. एकच पोशाख, एकच पदनाम, त्यात थोरले-धाकटे अशी उतरंड. तुम्ही म्हणता तो विद्वानांचा समूह तो हाच.

त्याच भिंतींवर हिशेबही आहेत. पूर्वेच्या भिंतीवर चांद्रमासांचं कोष्टक: सहा-सहा महिन्यांचे २७ गट, एकूण १६२ चांद्रमास आणि ४,७८४ दिवस. सहा चांद्रमासांचे १७७ दिवस आणि वर थोडा भाग होतो. तो थोडा भाग सोडून दिला तर २७ गटांचे ४,७७९ दिवस भरतील आणि गणना चंद्राच्या पाच दिवस मागे पडेल. म्हणून अधूनमधून १७८चा गट घ्यावा लागतो; २७ पैकी ५ गट. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला असलेल्या माया पोथीतलं ग्रहणांचं कोष्टक याच पद्धतीचं, पण मोठं आहे: ४०५ चांद्रमास, ११,९६० दिवस. हा आकडा २६०ने बरोबर ४६ वेळा भागला जातो, म्हणजे चंद्राची गणना आणि दिनगणना पुन्हा एकाच नावाच्या दिवशी येतात.

भिंतीवर जुन्या आकड्यांवर गिलाव्याचा पातळ थर देऊन नवे आकडे लिहिलेले आहेत. पोथी करायच्या आधी हिशेब मांडून बघायची ती जागा होती, असं मानायला भरपूर आधार आहे.

यांना ‘पंथ’ म्हणता येत नाही, कारण पंथ मतावर उभा असतो. ‘संप्रदाय’ म्हटलं की भक्त आले. मी ‘ताह मंडळी’ लिहीन, आणि पदांसाठी ‘थोरले ताह’, ‘धाकटे ताह’. मायापानच्या प्रमुखासाठी ‘गादी’ हा शब्द अगदी चपखल बसतो. कथेसाठी नवी संस्था रचायची असेल तर आधी तीन गोष्टी ठरवाव्यात: ते काय मोजतात, पोथ्या कुणाच्या ताब्यात असतात, आणि नव्या माणसाची परीक्षा कोण घेतो. नाव त्यातूनच सुचतं.

रानवाट
‘प्राचीन’ हे विशेषणही जपून लावावं. ग्वाटेमालाच्या किचे माया लोकांत ‘अह्कीह’ आजही आहेत. शब्द तोच, फक्त भाषा वेगळी. तिथल्या मोमोस्तेनांगो गावात अह्कीहची दीक्षा दिनगणनेतल्या ‘८ बात्स’ या दिवशी होते. प्रश्न पाहताना ते लाल बियांची रास चाळवतात, मूठभर उचलतात, चार-चारचे ढीग ओळीने मांडतात आणि ठरलेल्या दिवसापासून प्रत्येक ढिगाला एक याप्रमाणे दिवसांची नावं मोजत जातात. ओळ ज्या दिवसावर संपते त्याच्या अर्थावरून उत्तर. शिवाय अंगातलं रक्त कुठे लवतं, तेही पाहिलं जातं. त्या बिया ‘त्सिते’ झाडाच्या. आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं ते झाड, त्यामुळे ‘लाल मणी’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘पांगाऱ्याच्या जातीच्या बिया’ लिहिलेलं बरं.

दिनमान
एक भर. ॲझ्टेकांचे शब्द यात मिसळू नयेत. त्यांची भाषा नाहुआत्ल, मायांशी नातं नसलेली. त्यांच्याकडे दिवस मोजणाऱ्याला ‘तोनाल्पौकी’ म्हणत. ‘तोनाल्ली’ म्हणजे दिवस, आणि ‘पोवा’ या क्रियापदाचे अर्थ दोन: मोजणं आणि वाचणं. पुरोहित घडवणारी शाळा ‘काल्मेकाक’, तीही त्यांचीच. मायापानच्या गोष्टीत काल्मेकाक आली की जाणकार वाचक तिथेच अडतो.

बोरू
शेवटचं, लिप्यंतराबद्दल. ‘ताज’, ‘अज किन’, ‘क्सुल्तुन’ अशी रूपंही दिसतात.

दिनमान
रोमन लिपीतलं ‘जे’ अक्षर इथे स्पॅनिश वळणाने ‘ह’ असं वाचायचं, ‘एक्स’ म्हणजे ‘श’. म्हणून ताह, शुलतुन, इश. ‘ताज’ लिहिलं तर मराठी वाचक मुकुटच समजणार. जुन्या स्पॅनिश नोंदींत ‘आह’साठी ‘एच’ वापरलंय आणि नव्या लेखनात ‘जे’, शब्द एकच. ‘के’नंतरचं वरचं टिंब पाहून काहीजण ‘ख’ लिहितात, तेही चूक. तिथे श्वास सोडायचा नसून घसा क्षणभर बंद करून ‘क’ तोडायचा असतो. देवनागरीत त्यासाठी अक्षर नाही. साधा ‘क’ लिहावा आणि पहिल्या उल्लेखाला ‘आह किन, म्हणजे दिनगणना करणारा माया जोशी’ एवढं सांगून पुढे ‘आह किन’च ठेवावं.