पोटातले जिवाणू आणि ओडिशातली बाळं

आतड्यातले जिवाणू पचनापुरते असतात, संसर्गाशी त्यांचा काय संबंध, असं काही जण विचारतात. मला ओडिशातल्या खेड्यांमधला अभ्यास इथे फार मोलाचा वाटतो. २०१७ साली तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळं. निम्म्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा दिली, उरलेल्यांना जिवाणू नसलेली नुसती पूड. पहिल्या ६० दिवसांत सेप्सिस (संसर्गामुळे शरीरभर होणारा जीवघेणा बिघाड) किंवा मृत्यू पुडीवाल्या गटात ९ टक्के, जिवाणूवाल्यांत ५.४ टक्के! शिवाय श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. जिवाणू दिला पोटात आणि फायदा छातीत, म्हणजे परिणाम प्रतिकारशक्तीवरही होत असणार.

मोठ्यांच्या आतड्यात तंतुमय अन्न आंबवून काही जिवाणू ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात. त्यानं नियामक टी-पेशी वाढतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. जंतूंशी लढताना दाह हाताबाहेर जाऊ न देणं हे या पेशींचं काम.

एक मात्र कळकळीनं सांगते. ओडिशातली ती बाळं निरोगी, दोन किलो किंवा त्याहून जास्त वजनाची, अंगावर पिणारी होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक, म्हणजे असे उपयोगी जिवाणू, देऊ नका. क्वचित हेच जिवाणू त्याच्या रक्तात शिरतात.