रोज भाग टाकावा की आठवड्यातून दोन? लिहून चार पैसे मिळवणाऱ्यांनी सांगा

इचलची_लेक
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत एका पतसंस्थेत नोकरी करते आणि प्रतिलिपी या वाचन-लेखनाच्या ॲपवर कथामालिका लिहिते. सध्याची कौटुंबिक रहस्यकथा आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक भाग टाकते, साधारण १२०० शब्दांचा. वाचक बऱ्यापैकी जमलेत, प्रतिसादांत 'पुभाप्र'चा (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) पाऊस असतो, पण महिन्याला जे खात्यात येतं त्यात मोबाईलचा रिचार्ज आणि थोडं वाणसामान निघतं, एवढंच.

आमच्या लेखिकांच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्या म्हणतात, रोज टाक, पैसे आपोआप वाढतात. एक जण तर सकाळ-संध्याकाळ टाकते. मला रोज म्हणजे रात्री भांडी आवरून झाल्यावर बसावं लागेल. खरंच फरक पडतो का? आणि ब्लॉग, किंडल यांचं गणित वेगळं असतं का?

'आवड म्हणून लिहा, पैशाकडे बघू नका' हा सल्ला कृपया नको. तो घरी फुकट मिळतो.

कळफलक
शेवटचं वाक्य वाचून खुर्चीत हसलो.

फरक पडतो, पण गटावर सांगतात त्या कारणाने नाही. मालिकेत पैसा कुठे असतो? भागाच्या शेवटी. वाचकाला पुढचा भाग आत्ताच्या आत्ता हवा असतो, म्हणून तो ॲपमधले विकतचे कॉइन खर्च करतो किंवा वर्गणी भरतो. ज्याला घाई नाही तो थांबतो आणि फुकट वाचतो. आता तुझी मालिका चालू आहे. वाचक शुक्रवारच्या भागापर्यंत आला, त्याला पुढचं हवंय, पण तू ते अजून लिहिलेलंच नाहीस. घाईतल्या माणसाला विकायला तुझ्याकडे मालच नाही.

याउलट ६० भागांची पूर्ण झालेली मालिका घे. एखादी वाचक रात्री दहाला सुरू करते आणि दोन वाजेपर्यंत भाग उघडत राहते. ती पुढच्या वर्षीही कुणीतरी अशीच वाचेल, तुला एक ओळ न लिहिता.

रोज टाकणाऱ्यांचं उत्पन्न जास्त दिसतं ते मुख्यतः यामुळे. आठवड्याला दोनच्या वेगाने ६० भागांना ३० आठवडे लागतात, रोजच्या वेगाने दोन महिने. वर्षअखेरीला त्यांच्या नावावर चार-पाच पूर्ण मालिका असतात आणि तुझी दुसरी अजून रेंगाळत असते. तेव्हा भाग कोणत्या वारी येतो यापेक्षा पूर्ण मालिका किती आणि त्या शेवटपर्यंत वाचल्या जातात का, हे मोज. ॲपच्या आकडेवारीत पहिल्या भागाचे आणि दहाव्या भागाचे वाचक बघ. दहाव्यापर्यंत निम्मेही टिकत नसतील तर रोज टाकून उपयोग नाही, आधी पहिले चार भाग दुरुस्त कर.

जुना_वाचक
मी लिहीत नाही, पैसे देऊन वाचतो. माझी बाजू ऐका. 'क्रमशः' लिहून गायब झालेल्या लेखकांनी आम्हाला इतकं पोळलंय की मी आता 'समाप्त' दिसल्याशिवाय पहिला भाग उघडत नाही. आठवड्याला दोन चालतील, एकही चालेल, पण शुक्रवार म्हणजे शुक्रवार. तीन दिवस रोज आणि मग पंधरा दिवस शांतता, त्यावर 'घरी पाहुणे होते' ही तळटीप, हे नको.

बाकी रतीब घालणं मराठीला नवं नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि स्वतःच्या कादंबऱ्या त्यात हप्त्याहप्त्याने छापल्या. लोक आठवडाभर थांबायचे.

पूर्वरंग
आठवडाच का, रोजचंही उदाहरण आहे. चीनमधले थांग च्या सान शाओ नावाचे वेबकादंबरीकार सलग ८६ महिने एकही दिवस न चुकवता भाग टाकत होते, गिनीजमध्ये नोंद आहे. जमतं की!

कळफलक
@पूर्वरंग, तिथला वाचक हजार अक्षरांमागे ठरलेल्या दराने पैसे मोजतो. जास्त अक्षरं, जास्त पैसे, सरळ हिशोब. म्हणून त्या कादंबऱ्या संपता संपत नाहीत. आपल्याकडे शब्द वाढवून काही मिळत नाही. आणि ते पूर्णवेळ लेखक होते, सकाळी दहाला पतसंस्थेचं शटर उघडायला जात नव्हते.

बोरूबहाद्दर
ब्लॉगचं मी सांगतो. माझा सरकारी योजना आणि एमपीएससीवरचा ब्लॉग आहे, उत्पन्न ॲडसेन्सचं, म्हणजे गूगल पानावर लावतं त्या जाहिरातींचं. मराठीतल्या जाहिरातींना इंग्रजीच्या मानाने भाव कमी मिळतो आणि १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, तेव्हा सुरुवातीला खूप धीर लागतो.

इथे वाचक शोधत येतो. त्याला उत्तर हवं असतं, तुम्ही काल काय टाकलं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रोज लेख टाकला म्हणजे गूगल शोधाच्या क्रमवारीत वर चढवतो हा गैरसमज आहे, त्यांच्याच लोकांनी तो अनेकदा खोडलाय. उलट मार्च २०२४ पासून निव्वळ क्रमवारीसाठी घाऊक पानं पाडणं त्यांच्या स्पॅम धोरणात स्पष्ट बसवलंय. त्यामुळे जिलब्या पाडणाऱ्या बऱ्याच साइट्स झोपल्या, त्यात दोन माझ्या ओळखीच्या.

माझी पद्धत अशी: महिन्याला दोन-तीन नवे लेख, बाकी वेळ जुने नीट करण्यात. योजनेची मुदत वाढली, कागदपत्रांची यादी बदलली, की त्याच पानावर दुरुस्ती. सणवाराचे लेख दीड-दोन महिने आधी लावतो. गणपतीचा लेख हरतालिकेच्या आदल्या दिवशी टाकून काय मिळणार?

पण ताई, तुम्ही कथा लिहिता. 'सासूच्या खोलीतलं रहस्य' असं कुणी गूगलवर शोधत नाही. ब्लॉगच्या फंदात पडू नका.

इचलची_लेक
@बोरूबहाद्दर, 😂 मालिकेचं पुढचं नाव मिळालं.

@कळफलक दादा, आकडे काढून बघितले. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत निम्म्याहून थोडे जास्त टिकतात. मग आता वेग वाढवू का? मार्चएंडला मला पंधरा दिवस डोकं वर काढता येत नाही, त्याचं काय करू?

मुक्ता_सांगते
वेग लिहिण्याचा वाढव, टाकण्याचा नंतर. चालू मालिका आहे त्याच वारी संपव. दुसरी सुरू करण्याआधी तिचे २०-२५ भाग लिहून बाजूला ठेव. सुट्टीच्या दिवशी तीन भाग होतात, मधल्या वारी एकही होत नाही, चालायचंच. साठा झाला की मग आठवड्याला चार टाक. मार्चमध्ये साठ्यातले जातील आणि वाचकाला पत्ताही लागणार नाही. मी रोज टाकून बघितलंय. महिनाभर आलेख छान चढतो, मग पात्रं एकमेकांना नुसता चहा विचारत बसतात.

आता किंडल. पूर्ण झालेली मालिका संपादन करून केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वप्रकाशनाच्या सेवेवर, किंडल ई-पुस्तक म्हणून लावता येते, मराठी चालतं. भारतातल्या विक्रीवर ७०% रॉयल्टी हवी तर पुस्तक 'सिलेक्ट' या त्यांच्या खास योजनेत घालावं लागतं, नाहीतर ३५%. सिलेक्टची मुदत ९० दिवसांची, आणि तेवढ्या काळात तोच मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेच चालत नाही, फुकटसुद्धा. म्हणजे ॲपवरची मालिका खाली उतरवावी लागेल. हे न वाचता दोन्हीकडे ठेवणाऱ्यांची पुस्तकं काढून टाकली जातात. सिलेक्टमधलं पुस्तक 'किंडल अनलिमिटेड'चे, म्हणजे वर्गणी भरून वाचणारे, वाचक जितकी पानं वाचतील त्यावरही पैसे मिळतात, पण एका वाचकाने पान पहिल्यांदा वाचलं त्याचेच. तिथेही वर्षाला एक-दोन पुस्तकं पुरतात, कारण नवं आलं की जुनं पुन्हा विकलं जातं. आणि करमाहितीत पॅन भर, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर १५ ऐवजी ३०% कापतात. तिकडचे मराठी वाचक विकत घेतात, हलक्यात घेऊ नकोस.

कळफलक
मुक्ताशी सहमत. पण ॲपवर चांगली चाललेली मालिका किंडलसाठी उतरवू नकोस. त्यासाठी वेगळी, छोटी कादंबरी लिही.

इचलची_लेक
साठ्याचं पटलं. अजून एक, मला एका नव्या ॲपकडून विचारणा आलीय. रोज एक भाग, दर महिन्याला ठरावीक रक्कम. घ्यावं का?

मुक्ता_सांगते
रक्कम नंतर बघ, करारातलं हक्कांचं कलम आधी वाच. 'सर्व माध्यमांतले हक्क कायमस्वरूपी' असं असेल तर ऑडिओ, टीव्ही मालिका, छापील पुस्तक, सगळं त्या महिन्याच्या रकमेत गेलं. माझ्या एका मैत्रिणीची कथा तिला न विचारता ऑडिओवर आली, आणि तिने सही केलेली होती, बोलणार काय? मुदत घालून माग, तीन किंवा पाच वर्षं, आणि माध्यमं नावानिशी लिहून घे. भाग चुकला तर दंड किती, तेही विचार. मार्चएंड त्यांनाही सांग.

बोरूबहाद्दर
आणि रॉयल्टीवर १०% टीडीएस कापला तर आयकर खात्याच्या करकपातीच्या पत्रकात (२६एएस) दिसतो का ते तपासा. पगार आणि रॉयल्टी मिळूनही कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. पतसंस्थेत आहात, मी तुम्हाला काय सांगणार म्हणा.